संशयास्पद आनंद

मन मोजायचं काम मी मागून घेतलं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. आमच्या परसाची भिंत आणि क्लबचं खो-खोचं मैदान ह्यांच्यामध्ये एक दार आहे. ते दार कधी बंद नसतं आणि मला कुणाला 'नाही' म्हणवत नाही. सांगलीच्या गावभागात एवढ्यावर माणूस कशातही सापडतो.

दिग्विजय सर त्या दारातून आले तेव्हा मी पूजेला बसले होते. ह्या चातुर्मासात माझा नेम होता, पूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. सर आटपाडीकडचे. क्लबच्या मुलींना शिकवतात, आणि मैदानावर ओरडून त्यांचा आवाज असा झालाय की ते कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं 'ओ' देतात. संघटनेचा आदेश त्यांनी दारातूनच वाचून दाखवला. फलटणला निवड चाचणी होती. तिच्याआधी प्रत्येक क्लबनं मुलींचं मन रोज सकाळी मोजायचं. मूड, झोप, थकवा, ताण आणि बर्नआउट. दहापैकी आकडे घ्यायचे आणि मोबाइलवरून पुण्याला पाठवायचे. प्रशिक्षकाला मुली भितात, म्हणून त्यानं मोजायचं नाही; 'खेळाडूंच्या विश्वासातील त्रयस्थ व्यक्ती' नेमायची.

"लय सोपं काम हाय, काकू," सर म्हणाले. "पोरी तुमच्याकडं पाणी प्यायला येत्यातच. कसं वाटतंय इचारायचं. झालं."

नैवेद्यानंतर मी काही म्हणू शकले असते. पण तोपर्यंत त्रयस्थ व्यक्ती म्हणून माझं नाव पुण्याला पोचलंही होतं.

आदेशात शेवटी एक ओळ होती, तीच खरी. ज्या मुलीचे आकडे सतत खाली राहतील तिला सक्तीची विश्रांती, म्हणजे फलटण नाही. ही ओळ वाचताना सरांचाही आवाज जरा उतरला, कारण वरच्या जिन्यात राणी उभी होती.

राणी आमच्याकडेच राहायची. गेल्या पुरात क्लबच्या वसतिगृहात पाणी शिरलं, तेव्हापासून वरची खोली तिची. वडील मेंढरं घेऊन वर्षातला बराच काळ गावाबाहेर, आई दगडाबाई आटपाडीजवळच्या वस्तीवर. पोरगी एकोणीस वर्षांची. खांबापाशी सूर मारून समोरचा गडी बाद करावा तर अख्ख्या जिल्ह्यात तिनंच. घरच्यांशी तिचं ठरलं होतं, फलटणला निवड होऊन राज्याच्या संघात गेली तर लग्नाचं पुढं बघायचं. नाहीतर दिवाळीनंतर उरकायचं. 'दिवाळीनंतर' हा शब्द ती असा उच्चारायची, जसा आपण दवाखान्यातल्या खोलीचा नंबर सांगतो.

तर मी कामाला लागले.

प्रश्न मराठीत उतरवून आले होते. ज्यानं ते उतरवले त्याचंही मन एकदा मोजायला हवं होतं. बर्नआउटसाठी लिहिलं होतं, 'आपणास आतून जळून राख झाल्यासारखे वाटते काय?' मुलींपैकी साक्षीला विचारलं, तर ती म्हणाली, काल घरी मिसळ होती, म्हणून थोडं वाटतंय. पूजा म्हणाली, तिला पित्त लहानपणापासूनच आहे. मी सगळ्यांना कोकम सरबत पाजलं आणि दुसऱ्या दिवशी क्लबमधली राख शांत झाली. तरी मनाला पटेना, म्हणून पुण्याला ज्ञानदाला, माझ्या मुलीला, फोन केला. ती म्हणाली, "आई, बर्नआउट म्हणजे जे मनापासून आवडायचं, तेच नकोसं होणं. तरी करत राहणं." फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी होते. पुढे कुकरची शिट्टी झाली, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

मग वेळेचा प्रश्न आला. नैवेद्याआधी मला बोलता येत नाही आणि नंतर मुली मैदानावर जातात. मधे सापडतो तो नैवेद्यानंतरच्या आरतीचा वेळ. म्हणून मी मुलींना आरतीलाच बोलावलं. पाय धुऊन त्या देवघरापुढे ओळीनं उभ्या राहायच्या, मी पळीनं तीर्थ द्यायची, त्या ते घेऊन ओला हात डोक्यावरून फिरवायच्या, आणि मी विचारायची, कसं वाटतंय. मूड दहा. झोप दहा. ताण शून्य, थकवा शून्य. एकीपासून शेवटच्या मुलीपर्यंत तेच. मला वाटलं, काय गुणाच्या पोरी.

आता कळतं की देवाला गाऱ्हाणं घालायचं ते एकट्यानं, मनातल्या मनात. चारचौघांत, ओल्या तळव्यानं, देवासमोर उभं राहून 'मला काही बरं वाटत नाही' असं आपल्याकडे कोण म्हणतं? मी तरी इतक्या वर्षांत कुठं म्हटलंय?

संघटनेत हे आकडे तपासणाऱ्या पुण्याच्या मॅडमना मी कधी पाहिलं नाही, पण त्यांचा शेरा आला. 'संशयास्पद आनंद. फेरमोजणी करावी.' माझ्या देवघरात मोजलेल्या आनंदावर कुणी संशय घ्यावा, हे मला फार लागलं. त्या दिवशी सोमवार होता, उपास होता, आणि मी राजगिऱ्याचा लाडूसुद्धा खाल्ला नाही.

शेजारच्या विष्णुपंतांनी मात्र मॅडमची बाजू घेतली. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, पण निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी लेखी कळवलेलं नसावं. त्यांचं म्हणणं, आनंद कधी पूर्ण दाखवू नये. पूर्ण दाखवला की तपासणीचं पथक येतं. त्यांच्या काळात ते अहवालात दर वर्षी एखादी सरकारी विहीर मुद्दाम अपुरी दाखवायचे, त्यामुळे बाकीच्या विहिरी बघायला कुणी फिरकलं नाही. "वहिनी, एखादी पोरगी दुःखी ठेवा," ते म्हणाले, "म्हणजे बाकीच्या सुखात राहतील." तेव्हा मला ते वेड्यासारखं वाटलं होतं.

ह्याच सुमारास आमच्या ह्यांनीही आपलं मन मोजून घ्यायला सुरुवात केली. चहाच्या वेळी पेपरामागून आवाज यायचा, "माझे आज चार." थालीपीठ खाल्ल्यावर साडेपाच. हा आकडा पुण्याला जात नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ह्या घरात त्यांचा आकडा कुठंच जात नाही, म्हणून तर चार.

फेरमोजणी मी अंगणात ठेवली. तिथं देव नव्हता, पण शेजार होता. साक्षीनं मोकळेपणानं मूड तीन सांगितला आणि दुपारच्या आत तो तिच्या घरी पोचला. तिची आई राजनंदिनी इस्त्रीची साडी नेसून आली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "काकू, आम्ही तिला काय कमी केलंय? तुम्ही तीन दिलेत."

मी दिले नाहीत, तिनंच सांगितले, असं मी म्हटलं. ते तिला ऐकू गेलं नाही.

"तुम्ही मोठ्या आहात. सहा तरी करा."

दुसऱ्या दिवशी पूजाची आई येऊन विचारून गेली, पहिली कोण आली. राणीला सगळ्यांत जास्त पडतात म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. आटपाडीच्या वस्तीवरून आलेल्या पोरीला दहा आणि आमच्या पूजाला सहा, म्हणजे शिकवणीत कुठं कमी पडतोय, हे तिला समजून घ्यायचं होतं. मग मुली आपापल्या आईनं घरून ठरवून दिलेले आकडे घेऊन येऊ लागल्या. एकीनं तर आदल्या दिवशीच उद्याचा मूड सांगून ठेवला, कारण उद्या तिला मामाकडे जायचं होतं.

म्हणून मी चिंचोके काढले. बोलायचं नाही, कुणाला कळायचं नाही. प्रत्येकीला दहा चिंचोके आणि एक झाकलेली वाटी. जितकं बरं वाटतं तितके वाटीत टाकायचे, उरलेले मला परत द्यायचे. मौनाच्या नेमात हे चोख बसत होतं, आणि ही युक्ती माझी मला सुचली होती, म्हणून मला थोडा अभिमानही झाला. देव अभिमान फार दिवस ठेवत नाही. पहिल्याच सकाळी झाकणं उघडली, तर राणीच्या वाटीत बारा.

दहा दिलेले असताना बारा. पूजानं दोन तिच्याकडं सरकवले होते, का तिनं उचलले होते, कुणी सांगेना. विष्णुपंतांनी आयुष्यात पाहिलेली ही पहिलीच जास्तीची विहीर. ते म्हणाले, बारा पाठवता येत नाही, रकाना नाही.

मी राणीला परसात गाठलं. ती नळाखाली कळशी धरून उभी होती. कळशी भरून पाणी पायावरून वाहत होतं आणि तिचं लक्ष नव्हतं. नळ मीच बंद केला. अलीकडे असं बरंच होत होतं. भाकरीचा तुकडा हातात घेऊन ती तशीच बसायची. पहाटे मी फुलं काढायला जायची तेव्हा ती मैदानावर आधीच पळत असायची, आणि पळताना तिच्या चेहऱ्यावर असं काहीच नसायचं ज्यासाठी माणसानं पळावं. झोप लागते का म्हणून मी विचारलं.

"लागती की."

"राणी, मी पाहते ना पोरी."

तिनं कळशी उचलून कमरेवर घेतली. "काकू, तुमी धा लिवा. मी फलटणला जाऊन यीन. मग तुमाला काय इचारायचं ती इचारा, समदं खरं सांगीन."

मी दहा पाठवले. बारा होते, त्यामुळे दोन कमीच पाठवले, अशी मनाची समजूत घातली.

पण एवढ्या उलटसुलट आकड्यांनी पुण्याच्या मॅडमना आता मुलींचा संशय राहिला नाही, माझा आला. मोजणाऱ्या व्यक्तीचं मानसिक स्वास्थ्य चांगलं असल्याचा डॉक्टरी दाखला त्यांनी मागवला. मी दवाखान्यात गेले, नेमकी संकष्टी. आधी केसपेपरच्या रांगेत, मग 'हे इथं नाही' म्हणून दुसऱ्या रांगेत, मग जेवणाची सुट्टी. माझा नंबर लागला तेव्हा दुपार उलटली होती आणि मी पाण्यावर होते. मनाची ओपीडी म्हटल्यावर शेजारच्या बाकावरची बाई माझ्यापासून जरा सरकून बसली. मी तिला सांगणार होते की मी मोजणारी आहे, मोजून घ्यायला आलेली नाही. पण ती म्हणाली असती, सगळे असंच सांगतात.

डॉक्टर ज्ञानदापेक्षा लहान. त्यांनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं आणि मी रोज मुलींना विचारायची तेच प्रश्न मला विचारले. मी दहा, दहा, शून्य, शून्य असं सांगत गेले. मग त्यांनी यादीत नसलेला प्रश्न विचारला, शेवटचं मनापासून कधी हसलात.

मी आठवू लागले. बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारत होता. मी आठवतच होते. डॉक्टरांनी लिहायला घेतलं.

"आजी, तुम्ही जरा विश्रांती घ्या," ते म्हणाले.

मला अजून एकही नातवंड नाही. दाखल्यावर 'अशक्तपणा, उपवास टाळावेत' असं आलं आणि ते तसंच्या तसं पुण्याला पाठवावं लागलं. गंमत म्हणजे मॅडमना ते चाललं. सगळ्या आकड्यांत हा एक दाखलाच खरा वाटतो, असं त्यांनी सरांना कळवलं. ह्यांनी हे ऐकलं आणि त्या संध्याकाळी स्वतःला सात दिले.

फलटणच्या आदल्या दिवशी सराव संपल्यावर सर दारात आले आणि पहिल्यांदाच खरोखर हळू बोलले. राणी खांबाला धडकली होती, एकदा नाही, दोनदा. सूर मारायच्या ऐन क्षणी तिचे डोळे मिटत होते. तिच्या गुडघ्याची त्यांना भीती वाटत होती. "गुडघा गेला तर खेळ कायमचा जातोय, काकू. पर उद्या न्हाई नेली तर..." दिवाळीनंतर, हे त्यांनी म्हटलं नाही. तेही त्याच मुलखातले. आज खरा आकडा काय तो सांगा, असंही ते म्हणाले. मला तो ठाऊक नव्हता. चिंचोके, तीर्थ, अंगण, सगळं करून मला एकाही मुलीचा खरा आकडा ठाऊक नव्हता.

सकाळी फलटणला जायला क्रूझर ठरली होती. मी पूजेला बसले. राणी अंघोळ करून, संघाचा टी-शर्ट घालून, बॅग दाराशी ठेवून खाली आली आणि देवघराच्या भिंतीला टेकून बसली. तेवढा शेवटचा आकडा देऊन निघायचं होतं. तिच्या मुठीत चिंचोके होते. मी देवांना पंचामृत घातलं, पुसलं, गंध लावलं. मागे काहीतरी खडखडलं. चिंचोके फरशीवर पसरले होते आणि राणी झोपली होती.

झोपली म्हणजे नुसते डोळे मिटलेले नव्हते. तान्ह्या मुलाचं उघडं राहतं तसं तोंड उघडं, मान एका खांद्यावर, हात पालथा. ह्या घरात आल्यापासून मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. घंटा वाजवायची होती, ती मी नुसती हातात धरली.

बाहेर क्रूझर आली. मुलींचा गलका, मग हॉर्न. राणी हललीसुद्धा नाही. सर आत आले, चपला काढून उंबऱ्याशी थांबले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काकू, उठवू का?"

माझी पूजा व्हायची होती. नेम मोडता आला असता. एवढ्यासाठी देव रागावला नसता, हे मला माहीत आहे. पण बोलायला तरी माझ्याजवळ काय होतं? एका बाजूला तो गुडघा, एका बाजूला दिवाळी, आणि मधे उघड्या तोंडानं झोपलेली पोर. मी मान हलवली. नको.

सरांनी वाकून तिची बॅग उचलली, पुन्हा होती तिथेच ठेवली आणि गेले. क्रूझर निघाली. मी घंटा न वाजवता आरती केली.

राणी उठली तेव्हा ऊन परसातून निघून स्वयंपाकघरात आलं होतं. तिनं आधी उन्हाकडे पाहिलं, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. ती ओरडेल, रडेल, असं मी धरून चालले होते. उत्तरंही जुळवून ठेवली होती, गुडघ्याचं, पुढच्या वर्षीचं. ती म्हणाली, "देवापुढं बसून केलंसा हे?" आणि वर गेली.

राणीच्या जागी पूजा खेळली आणि तिची निवड झाली. तिच्या आईनं गल्लीत पेढे वाटले, मलाही दोन दिले, आणि सहा पडणाऱ्या मुलीही पुढे जातात, हे हळूच ऐकवलं. पुण्याहून क्लबला आदर्श मोजणीचं प्रशस्तिपत्र आलं. राणीच्या नावापुढे सरांनी 'विश्रांती' लिहिलं होतं, म्हणून थकलेल्या खेळाडूला योग्य वेळी विश्रांती दिल्याबद्दल. विष्णुपंत म्हणाले, फ्रेम करून लावा. ह्यांनी काही न बोलता ते पेपराच्या रद्दीखाली सरकवलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी केलेल्या चांगल्या गोष्टींत मी ती धरते.

आठवडाभरानं दगडाबाई लेकीला न्यायला आल्या. डोक्यावरून पदर, हातात माझ्यासाठी बाजरीची पिशवी. मी सांगायला सुरुवात केली, की माझ्यामुळं तिची गाडी चुकली. त्यांनी मला बोलू दिलं नाही. त्या राणीचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडं वळवून बघत होत्या. ह्या आठवड्यात ती खूप झोपली होती, गाल भरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं.

"लय उपकार झालं, बाई," दगडाबाई मला म्हणाल्या. "मला वाटलं उन्हात पळून पळून पोरगी पार वाळली आसंल. पाव्हणं बघाया येणार हाईत. आता कशी नदरंत भरंल."

राणी आईच्या हातातून चेहरा सोडवून घेत नव्हती. जशी वळवली तशी बघत होती.

मी त्यांना सोडायला एस्टी स्टँडवर गेले. आटपाडीची गाडी लागलेली होती. दगडाबाई जागा धरायला आत चढल्या. राणी पायरीपाशी थांबली होती. इतके दिवस रोज सकाळी विचारायची सवय. माझ्या तोंडून तेच निघालं.

"आज कसं वाटतंय गं, राणी?"

विचारल्यावर मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. तिनं प्रश्नाकडे नीट लक्ष दिलं. कंडक्टरनं घंटी मारली तरी ती विचार करत होती, जणू ह्या वेळी चूक होऊन चालणार नव्हतं.

"झोप धा," ती म्हणाली. "थकवा न्हाई. ताण बी न्हाई, आता कशाचा ताण?" एक पाय पायरीवर ठेवून ती वळली. "मूड शून्य, काकू."

मग ती चढली. खिडकीशी आई बसली होती, त्यामुळे निघताना ती मला दिसली नाही.